प्रतिसाद: नोंदींची नावं आणि सर्वनामं

वरच्या चर्चेत ट्रान्स व्यक्तींवरच्या सगळ्या नोंदींना सरसकट 'तृतीयपंथी' शीर्षक द्या असं सुचवलंय, ते मला पटत नाही. ट्रान्स पुरुष (जन्मावेळी मुलगी म्हणून नोंद झालेला पुरुष) किंवा नॉन-बायनरी व्यक्ती (स्वतःला फक्त स्त्री किंवा फक्त पुरुष न मानणारी) स्वतःला तसं म्हणतेच असं नाही, आणि २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात सुप्रीम कोर्टानेच स्वतःची लिंग-ओळख स्वतः ठरवायचा हक्क मान्य केलाय, मग आपण कोण वेगळं लेबल लावणारे? व्यक्ती जो शब्द वापरते तोच घ्यायचा. ओळख बदलण्याआधीचं जुनं नाव शीर्षकात तर अजिबात नको.

खरी अडचण क्रियापदांची. 'ते म्हणाले' की 'त्या म्हणाल्या' इथे अडलात तर 'त्यांनी सांगितलं' लिहा, 'त्यांनी काम केलं', 'त्यांना वाटतं', लिंग कुठे दिसतच नाही आणि वाक्यही ओढूनताणून केल्यासारखं वाटत नाही. नपुंसकलिंगी एकवचन मात्र नको हो. आमच्याकडे मालवणीत 'चेडू इला' (मुलगी आली) म्हणतात, रूप नपुंसकलिंगीच, पण तरुण मुलीसाठी ते अगदी मायेचं असतं, प्रमाण मराठीत मात्र मोठ्या माणसाला 'ते आलं' म्हटलं की वस्तूसारखं वाटतं, फार लागतं मनाला. हा नियम पहिल्या पानावरच टाका, प्लीज.