एक्झॉस्ट फॅन चालू असूनही बाथरूममध्ये वाफ का कोंडते?

प्रश्न: ठाण्यातील आमच्या सदनिकेत बाथरूमच्या खिडकीतील दोन काचपट्ट्या काढून 6 इंची एक्झॉस्ट फॅन बसवला आहे. तरीही आंघोळीनंतर आरसा बराच वेळ धुरकट राहतो, छताच्या कोपऱ्यांत काळी बुरशी धरली आहे आणि पावसाळ्यात खिडकीबाहेरच्या डक्टमधला (पाइपांसाठी ठेवलेल्या उभ्या पोकळीतला) कुबट वास आत येतो. मोठा फॅन घ्यावा का?

उत्तर 1: एवढ्यात घेऊ नये. बाथरूम 5 बाय 7 फुटांचे, 9 फूट उंच धरले, तर त्यात जेमतेम 9 घनमीटर हवा. तेवढ्यासाठी 6 इंची फॅन पुरतो. दार लावून, फॅन चालू ठेवून दाराखालच्या फटीशी टिश्यू कागदाची पट्टी धरावी. ती आत ओढली गेली नाही, तर बहुधा फॅनशेजारच्या उरलेल्या काचपट्ट्या उघड्या असाव्यात. अशा वेळी फॅन तिथलीच हवा ओढून पुन्हा बाहेर टाकतो आणि दाराकडची वाफ जागची हलत नाही. त्या बंद कराव्यात आणि दाराखाली बोटभर फट ठेवावी.

उत्तर 2: फॅन बंद असताना वास येत असेल, तर फॅनच्या बाहेरच्या झडपा धूळ आणि तंतूंनी उघड्याच अडकल्या आहेत का, ते पाहावे. चालू असतानाच येत असेल, तर नहाणी ट्रॅपमधले, म्हणजे फरशीवरच्या जाळीखालचे, गटाराचा वास अडवणारे पाणी आटलेले असू शकते.

उत्तर 3: आत गॅस गिझर आहे का? असल्यास हे सारे बाजूला ठेवून तो आधी बाहेर हलवावा, कारण हवा येण्यास वाट नसताना फॅन गिझरचा जळका वायू खोलीतच ओढू शकतो आणि त्यातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.