फॅमिली डॉक्टरकडे मशीन नको, वही हवी

सातारकर:
वडिलांचं बीपी अकरा वर्षं एकाच दवाखान्यात. दर वेळी नवा चिठोरा, वर "जुना कागद आणला नाही का?" मार्चमध्ये गोळ्या संपल्या, बरं वाटत होतं, वडील गेलेच नाहीत. कुणाच्या लक्षात आलं नाही (आमच्याही). ऑगस्टमध्ये १८०/११०. मधल्या काळात डॉक्टरांनी ईसीजी मशीन घेतलं.

२०१७ च्या सरकारी रक्तदाब नियंत्रण कार्यक्रमात पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. तिथे काय केलं? औषधांचा क्रम ठरवला, प्रत्येकाचं कार्ड केलं, महिन्याच्या गोळ्या एकदम दिल्या आणि तारीख चुकली की फोन. खासगीत का जमू नये?

संध्याकाळची_ओपीडी:
कारण तिथली नर्स सरकारी पगारावर असते. माझा एकच कंपाउंडर नंबर लावतो, पुड्या बांधतो, लादीही पुसतो. तीन तासांत साठ पेशंट. फोन केला तर लोक म्हणतात, डॉक्टरांचा धंदा बसला वाटतं! नुसतं बीपी बघितल्याचे पैसे द्यायला जिवावर येतं, सुई टोचली की खुशीत देतात. वहीचे पैसे कोण देणार, ते आधी बोला.

लीड्सवाली:
इंग्लंडमध्ये सरकारने दिले. २००४ पासून बीपी, मधुमेह, दमा नीट सांभाळला की दवाखान्याला गुण, गुणांवर पैसे. सुरुवातीला एकूण १०५० गुण होते. तोटा असा की मी नवऱ्याच्या आजारपणाचं सांगत रडतेय आणि डॉक्टर स्क्रीनकडे बघत विचारतात, "सिगारेट ओढता का?" चौकट भरायची राहिली होती ना! स्कॉटलंडने २०१६ ला हे गुंडाळलं. पुढे तिथले बरेच आकडे इंग्लंडच्या मागे पडले.

संध्याकाळची_ओपीडी:
म्हणजे पैसे थांबले की काम थांबलं. मी वेगळं काय म्हणतोय?

सातारकर:
आकडे पडले म्हणजे उपचारच पडले असं नाही, नुसतं लिहिणंही थांबलं असेल. आणि मी १०५० गुण मागतच नाहीये. बीपी-शुगरवाल्यांची एक वही, दर शनिवारी न आलेल्यांना फोन. तुमच्या साठांत बीपीचे किती, सांगता येईल?

संध्याकाळची_ओपीडी:
नाही येणार. ठीक आहे, वही घालतो. पण माझे निम्मे पेशंट अनोळखी नंबर उचलत नाहीत. तुमचे वडील उचलतात?

सातारकर:
नाही. आईचा नंबर लिहून ठेवा.