‘बेबी नंदा’ची नायिका नंदा कशी झाली?

पारिजातक :

गेल्या आठवड्यात आईबरोबर ‘छोटी बहन’ आणि ‘हम दोनो’ हे दोन चित्रपट लागोपाठ पाहिले. पहिल्यात नंदा दृष्टी गमावलेल्या बहिणीच्या भूमिकेत आहे आणि दुसऱ्यात ती मेजरची पत्नी आहे. दोन्ही चित्रपटांत तिच्या वाट्याला सोसणेच आले असले तरी पडद्यावर तिच्याकडे पाहत राहावे असे तिच्यात काहीतरी आहे. आई सहज म्हणून गेली की, ही आपल्या मास्टर विनायकांची मुलगी, लहानपणापासून कामे करायची आणि तेव्हा श्रेयनामावलीत ‘बेबी नंदा’ असे नाव यायचे. मला यातले काहीच ठाऊक नव्हते.

तेव्हापासून एक प्रश्न मनात घोळतो आहे. आपल्याकडे बालकलाकार म्हणून नाव मिळवलेल्या मुलींपैकी फारच थोड्या पुढे नायिका म्हणून टिकल्या. ‘बूट पॉलिश’ (१९५४) मधील कामासाठी बेबी नाझची कान महोत्सवात खास दखल घेतली गेली, परंतु मोठेपणी तिला बहुतेक दुय्यम भूमिकाच मिळाल्या. डेझी इराणी तर पन्नाशीच्या दशकात घराघरांत माहीत होती, तरीही नायिकापद तिच्याकडे आले नाही. मग नंदाच्या बाबतीत हे कसे साधले? घराण्याचा हातभार लागला, की तिचे स्वतःचे काही निराळे होते? आणि तिच्यावर बसलेला ‘बहिणी’चा शिक्का हा त्या बालपणीच्या ओळखीचाच परिणाम मानावा का? जाणकारांनी सविस्तर लिहिल्यास आनंद होईल.

रंकाळाकाठ :

आपल्या आईंची आठवण अगदी बरोबर आहे. प्रश्नाचे उत्तर मात्र नंदापासून सुरू न करता तिच्या वडिलांपासून सुरू करावे लागेल, म्हणून थोडे पाल्हाळ होईल, ते सहन करावे.

मास्टर विनायक, म्हणजे विनायक दामोदर कर्नाटकी, हे कोल्हापूरचे. बाबूराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांच्या साथीने त्यांनी १९३६ मध्ये ‘हंस पिक्चर्स’ उभी केली. वि. स. खांडेकरांची कथा असलेला ‘छाया’ आणि अत्रे यांच्या लेखणीतून उतरलेला ‘ब्रह्मचारी’ (१९३८) ही या संस्थेची ठळक नावे. पुढे ‘नवयुग’ आणि त्यानंतर स्वतःची ‘प्रफुल्ल पिक्चर्स’ असा त्यांचा प्रवास झाला. उत्तम विनोदाची जाण असलेला हा माणूस व्यवहारात तितकासा मुरलेला नसावा, असे माझे मत आहे. एकापाठोपाठ एक संस्था बदलाव्या लागणे हे कलावंताच्या उमेदीचे लक्षण असेलही, पण घर चालवणाऱ्यांच्या दृष्टीने ते सुखाचे नसते.

नंदाचा जन्म ८ जानेवारी १९३९ चा, कोल्हापूरचा. ती आठ वर्षांची असताना, १९ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे देश स्वतंत्र झाल्याच्या चौथ्या दिवशी, विनायकराव गेले. वय अवघे एकेचाळीस. त्यांनी हाती घेतलेला ‘मंदिर’ हा चित्रपट त्यांच्या पश्चात दिनकर पाटील यांनी पूर्ण केला आणि १९४८ मध्ये तो पडद्यावर आला. नंदाने कॅमेऱ्यासमोर प्रथम उभे राहणे ते याच चित्रपटात. वडील गेल्यावर घरावर बिकट प्रसंग ओढवला आणि ही मुलगी आणखी कामे करू लागली. तिने हौसेखातर या व्यवसायात पाऊल टाकले असे समजू नये, त्या घराला मिळकतीची गरज होती.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १९४२ मध्ये मास्टर दीनानाथ गेले, तेव्हा मंगेशकर कुटुंबाच्या मदतीला धावून आले ते हेच मास्टर विनायक. तेरा वर्षांच्या आतल्या लताला त्यांनी चित्रपटांत लहानमोठी कामे दिली, ‘पहिली मंगळागौर’पासून ती पडद्यावर दिसू लागली, पुढे ‘प्रफुल्ल’मध्ये ती नोकरीला होती आणि संस्था मुंबईला हलली तेव्हा १९४५ मध्ये तीही मुंबईला आली. तोंडाला रंग लावून उभे राहणे लताबाईंना मनापासून आवडत नसे, हे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितले आहे. परंतु पाठची भावंडे होती आणि दुसरा इलाज नव्हता. अवघ्या पाच वर्षांत हीच वेळ विनायकरावांच्या स्वतःच्या मुलीवर यावी, यापेक्षा विलक्षण योग कोणता? आपण जो ‘छोटी बहन’ पाहिला, त्यातले ‘भैया मेरे राखी के बंधन को निभाना’ आणि ‘हम दोनो’मधले ‘अल्ला तेरो नाम’ ही दोन्ही गाणी नंदासाठी लताबाईंनीच गायली आहेत. पितृछत्र हरपल्यावर लहान वयात घरासाठी राबलेल्या दोघीजणी, एक पडद्यावर आणि एक पडद्यामागे. ही गाणी मी आता याच जाणिवेने ऐकतो.

जुनी रिळे :

रंकाळाकाठ यांनी पार्श्वभूमी उत्तम मांडली आहे. मी मूळ प्रश्नाकडे, म्हणजे बालतारका ते नायिका या वळणाकडे येतो.

बालकलाकार मोठा होताना त्याच्या वाटेत सर्वांत मोठी अडचण असते ती प्रेक्षकांच्या आठवणीची. ज्या मुलाचे गोड बोबडे बोल लोकांच्या डोक्यात पक्के बसले आहेत, त्याला वयात आलेले पाहायला लोक तयार नसतात. बेबी नाझ किंवा डेझी इराणी यांचे लहानपणचे यश एवढे मोठे होते की तेच पुढे आडवे आले. नंदाचे तसे झाले नाही, कारण ‘बेबी नंदा’ ही कधी फार मोठी तारका नव्हतीच. तिची ‘जग्गू’सारख्या चित्रपटांतली कामे लोकांनी पाहिली, परंतु ती मनात धरून ठेवली नाहीत. माझ्या मते हेच तिचे भाग्य ठरले. मीनाकुमारी आणि मधुबाला यांनाही हेच लागू पडते. दोघींनी बालपणी कामे केली, दोघींच्या कमाईवर घरे चालली, परंतु ‘बेबी मीना’ आणि ‘बेबी मुमताज’ या नावांचे ओझे त्यांच्या मागे फारसे आले नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे वळणाच्या नेमक्या क्षणी मिळालेला चित्रपट. नात्याने काका लागणाऱ्या व्ही. शांताराम यांनी त्यांच्या राजकमल संस्थेच्या ‘तूफान और दिया’ (१९५६) मध्ये तिला मुख्य भूमिका दिली. ‘निर्बल से लडाई बलवान की’ हे मन्ना डे यांचे गाणे ज्यांना आठवते, त्यांना हा चित्रपटही आठवेल. तेव्हा ती सतरा वर्षांची होती. म्हणजे घराण्याचा हातभार लागला का, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ‘होय’ असेच आहे. पण चित्रपट होता भावाबहिणीचा, हे लक्षात घ्यावे. दुसऱ्या वर्षी आलेल्या एव्हीएमच्या ‘भाभी’त ती बालविधवा झाली आणि १९५९ च्या ‘छोटी बहन’ने शिक्कामोर्तब केले. ‘काला बाजार’मध्येही ती देव आनंदची बहीणच होती. ‘आँचल’साठी १९६० चे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले, तेही साहाय्यक अभिनेत्रीचे.

तेव्हा, पारिजातक, बहिणीचा शिक्का बालपणामुळे बसला हे मला पटत नाही. तो सतराव्या ते एकविसाव्या वर्षांतल्या भूमिकांनी बसला. ठेंगणा बांधा, सोज्वळ चेहरा आणि घर चालवण्यासाठी हाती येईल ते काम नाकारता न येणे या तिन्ही गोष्टी त्यामागे होत्या. यांपैकी तिसरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ज्याच्या घरात दुसरी मिळकत असते तोच भूमिकांची निवड करीत बसू शकतो.

तिने हा शिक्का पुसला कसा, ते अधिक रंजक आहे. शशी कपूर नवखा होता आणि नावाजलेल्या नायिका त्याच्यासोबत काम करायला फारशा राजी नव्हत्या, त्या काळात नंदाने त्याच्याबरोबर एकामागून एक चित्रपट स्वीकारले. ‘चार दीवारी’ (१९६१) पासून ‘रूठा ना करो’ (१९७०) पर्यंत या जोडीचे आठ चित्रपट झाले. त्यांतला ‘जब जब फूल खिले’ (१९६५) तुफान चालला आणि त्यात ती चक्क पाश्चात्त्य पोशाखातली श्रीमंत घरची लाडावलेली मुलगी आहे. शशी कपूर पुढे आयुष्यभर तिच्याविषयी कृतज्ञतेने बोलत राहिले. त्याच वर्षीचा ‘गुमनाम’ही तसाच वेगळ्या वाटेचा.

आणि ‘इत्तेफाक’ (१९६९)! यश चोप्रांनी दिग्दर्शित केलेला, एकही गाणे नसलेला, जवळजवळ सगळा एका घरात आणि एका रात्रीत घडणारा हा चित्रपट अवश्य पाहावा. शेवट फोडणार नाही. इतकेच सांगतो की ‘छोटी बहन’ची सोज्वळ प्रतिमा प्रेक्षकांच्या मनात जितकी घट्ट, तितकी या चित्रपटाची किमया अधिक चालते. दहा वर्षे चिकटलेला शिक्का दिग्दर्शकाने येथे चक्क भांडवल म्हणून वापरला आहे.

पारिजातक :

दोघांचेही मनापासून आभार. ‘बेबी नंदा फार मोठी तारका नव्हती, म्हणूनच नंदा होऊ शकली’ हा मुद्दा मला सुचला नसता. आणखी दोन शंका आहेत. त्या काळात लहान मुलांच्या कमाईला काही कायदेशीर संरक्षण होते का? आणि तिने लग्न केले नाही असे आई म्हणते, ते खरे का?

ओसरीवरून :

पहिल्या शंकेविषयी लिहितो. आपल्याकडे त्या काळी बालकलाकारांच्या कमाईची वेगळी तजवीज करणारा कायदा नव्हता. अमेरिकेत ‘द किड’ मधला छोटा नट जॅकी कूगन याची बालपणीची सगळी मिळकत आई आणि सावत्र वडिलांनी संपवल्याचे उघडकीला आले, त्यावरून कॅलिफोर्निया राज्याने १९३९ मध्ये कायदा केला. म्हणजे नंदाचा जन्म आणि हा कायदा एकाच वर्षीचे. भारतात बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती होऊन बालकलाकारांना काही अटींवर परवानगी मिळाली आणि २०१७ च्या नियमांनी त्या अटी स्पष्ट केल्या. त्यांनुसार मुलाकडून दिवसाला पाच तासांपेक्षा अधिक व विश्रांतीवाचून सलग तीन तासांपेक्षा अधिक काम करून घेता येत नाही, सलग सत्तावीस दिवसांहून जास्त काम लावता येत नाही आणि मिळकतीचा किमान वीस टक्के भाग मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदतठेव म्हणून ठेवावा लागतो. उरलेल्या ऐंशी टक्क्यांबद्दल नियम गप्प आहेत, हे मात्र मला खटकते. अर्थात नंदाच्या घरात कुणी तिला लुबाडले असे सुचवण्याचा माझा अजिबात हेतू नाही. तिने स्वखुशीने घर उचलून धरले. परंतु आठ वर्षांच्या मुलीच्या बाबतीत ‘स्वखुशी’ या शब्दाचा अर्थ काय घ्यायचा, हा प्रश्न उरतोच.

आपल्या बेबी शकुंतलाचे उदाहरणही येथे आठवते. ‘रामशास्त्री’ (१९४४) मधले ‘दोन घडीचा डाव’ हे गाणे जिच्यावर चित्रित झाले ती ही मुलगी. पुढे ‘फरेब’ (१९५३) मध्ये ती किशोरकुमारची नायिका झाली. म्हणजे अवघड वळण तिनेही पार केले होते, परंतु लग्न होऊन कोल्हापूरजवळच्या उंचगावी गेल्यावर तिने चित्रपटसृष्टी सोडली आणि त्याविषयी कुरकुर केली नाही. नंदाच्या पुढे हा पर्याय खरोखर होता का, कुणास ठाऊक.

रंकाळाकाठ :

दुसऱ्या शंकेचे उत्तर मी देतो. तिने लग्न केले नाही हे खरे. दिग्दर्शक मनमोहन देसाई यांच्या पत्नीच्या निधनानंतर, १९९२ मध्ये, त्यांच्याशी नंदाचा साखरपुडा झाला होता. तेव्हा ती त्रेपन्न वर्षांची होती. वहिदा रहमान या तिच्या जिवलग मैत्रिणीने त्यासाठी पुढाकार घेतला होता. परंतु १ मार्च १९९४ रोजी गिरगावातल्या घराच्या गच्चीवरून पडून देसाई गेले आणि ते लग्न राहून गेले. त्यानंतर ती लोकांत फारशी दिसली नाही. २५ मार्च २०१४ रोजी मुंबईत वर्सोव्याच्या राहत्या घरी हृदयविकाराच्या झटक्याने तिचे निधन झाले.

त्याआधीच्या तिच्या पुनरागमनाचा उल्लेख कुणी केला नाही, म्हणून तो करतो. ‘आहिस्ता आहिस्ता’ (१९८१), ‘प्रेमरोग’ (१९८२) आणि ‘मजदूर’ (१९८३) या तिन्ही चित्रपटांत नंदा पद्मिनी कोल्हापुरेची आई आहे. पद्मिनी स्वतः बालकलाकार म्हणूनच या व्यवसायात आली होती आणि ‘सत्यम् शिवम् सुंदरम्’मधली छोटी रूपा तिनेच साकारली होती. पुन्हा ती मंगेशकरांच्या नात्यातली. ‘प्रेमरोग’मध्ये तरुण विधवा मुलीच्या दुःखापुढे हतबल झालेली, हवेलीतल्या पुरुषांसमोर शब्द न काढू शकणारी आई पाहताना, पंचवीस वर्षांपूर्वी ‘भाभी’त स्वतःच बालविधवा झालेली नंदा आठवल्यावाचून राहत नाही.

पारिजातक :

आईला हे सगळे वाचून दाखवले. ‘प्रेमरोग’ तिने तेव्हा चित्रपटगृहात पाहिला होता, पण त्यातली आई म्हणजे ‘छोटी बहन’ हे तिला कधी जाणवलेच नव्हते. तिला ‘शोर’मधली नंदा मात्र चांगली आठवते. समुद्रकिनारी ‘एक प्यार का नगमा है’ गाताना दिसणारी आणि लेकराला वाचवताना स्वतः जाणारी. भूमिका तेवढीच असली तरी पुढचा सगळा चित्रपट तिच्या नसण्यावर उभा आहे, असे आईचे म्हणणे. येत्या रविवारी ‘इत्तेफाक’ पाहायचे ठरले आहे. शेवट न फोडल्याबद्दल ‘जुनी रिळे’ यांचे आईतर्फे वेगळे आभार.