'सहकार' म्हटलं की सोसायटीच आठवते : कोसळलेल्या जगाच्या कथेसाठी शब्द हवा आहे

तापीकाठ
एका इंग्रजी कथेचं भाषांतर करते आहे आणि एका वाक्यापाशी आठ दिवस अडले आहे. कथा दुःस्वप्नलोकातली. शहर कोसळलंय, नळ कोरडे, धान्य कुपनावर, पाणी पहारेकऱ्याच्या मापाने. एका पडक्या चाळीत अकरा जण राहतात. सुरुवातीला कोणालाच कोणी आवडत नाही. एकीजवळ काडेपेटी आहे, एकाला पाणी गाळायची रीत माहीत आहे, एक पोरगा भिंत चढून पलीकडे जाऊ शकतो. शेवटी त्यातली म्हातारी म्हणते की आजवर जगलो ते यावर. 'यावर'च्या जागी मूळात एकच नाम आहे. मी लिहिलं, 'आपण सहकारावर तगलो.'

अमळनेरला आत्याला खर्डा वाचून दाखवला. शेवटाला तिचे डोळे भरले होते. या वाक्याशी मात्र तिने थांबवलं आणि विचारलं, "कोणती गं, विकास सोसायटी?"

तिचं काही चुकलं नाही. आपल्याकडे हा शब्द कारखाना, सूतगिरणी, जिल्हा बँक यांनीच भरून गेलाय. 'परस्परसहकार्य' परिपत्रकातलं वाटतं. 'एकजूट' मोर्चातली, 'एकी' शाळेतल्या काठ्यांच्या मोळीची. 'माणुसकी'त एक देतो, दुसरा घेतो. मला दोन्हीकडून चालणारं, गरजेतून सुरू झालेलं हवंय. माया त्यात मागाहून येते.

जुना ठेवीदार
आत्याबाईंशी सहमत. वडिलांचे निवृत्तीचे पैसे एका पतसंस्थेत अडकले. पासबुक घेऊन ते दर सोमवारी जायचे, डबा बरोबर घेऊन. पैसे मिळायच्या आधी वडील गेले. तुमच्या म्हातारीच्या तोंडी 'सहकार' आला तर मला वाटेल, आता ही बाई या दहा जणांना बुडवणार.

मराठी मास्तर
वाईट वाटलं वाचून. पण शब्दाला का शिक्षा? सह आणि कार, बरोबरीने करणं. १९०४ साली पतपेढ्यांचा कायदा आला म्हणून अर्थ संपत नाही. चांगला शब्द चार लबाडांच्या हाती सोडून द्यायचा आणि आपण नवा शोधत बसायचं, हे मला पटत नाही. कथेतच तो धुऊन घ्या.

शिवाय 'दुःस्वप्नलोक' हाही शब्द तपासावा. स्वप्नातून जाग येते, यातून येत नाही. थॉमस मोरने १५१६ साली 'युटोपिया' हा शब्द घडवला, त्याचा अर्थ 'कुठेच नसलेली जागा'. त्याच्या उलट्या अर्थाचा, 'डिस्टोपिया'च्या कुळातला शब्द जॉन स्टुअर्ट मिल या विचारवंताने १८६८ साली ब्रिटिश संसदेत वापरला, तो 'वाईट जागा' या अंगाने. मी 'दुर्लोक' म्हणेन.

कृष्णाकाठची लेक
सासर जळगाव, माहेर साताऱ्याकडे. आमच्याकडे यासाठी 'सावड' आहे. आज चार घरं तुझ्या भांगलणीला, म्हणजे तण काढायला, उद्या तीच माझ्या. मजुरी नाही, पण कोण किती दिवस आलं ते प्रत्येक बाईच्या डोक्यात पक्कं. ताई, तुमचे अकरा जण सावडीनेच जगतायत की!

मराठी मास्तर
'सावड' म्हटलं की निम्म्या वाचकांना अस्थी सावडणं आठवेल.

कृष्णाकाठची लेक
आठवू दे ना, मास्तर. तेही एकट्याने होत नाही, चार माणसं लागतातच. मला तर दोन्ही शब्द एकाच मुळातले वाटतात, गोळा करण्याचे. पडझडीच्या कथेत तो दुसरा अर्थ मागे उभा राहिला तर चांगलंच.

पांझरावाला
ताई, शब्द गोड आहे पण आमच्या कानाचा नाही. साक्रीत 'सावड' म्हटलं तर माणूस परत विचारेल. धडगावकडे पावरा मंडळी 'लाहा' म्हणतात. सगळा पाडा एकाच्या शेतात उतरतो आणि ज्याचं शेत त्याच्याकडे जेवण. पण खानदेशातून शब्द उचलायचा तर मी 'फड' घेईन, आणि का ते सांगतो.

आमच्या पांझरा नदीवर दगडी बंधारे आहेत, तीन-चारशे वर्षांची रीत. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे तीन-चार फड, म्हणजे मोठे भाग, आणि एका फडात एकच पीक. कोणाची जमीन एका जागी नाही, प्रत्येकाचा तुकडा प्रत्येक फडात. आता ज्या साली पाणी कमी, त्या साली गाव बसून ठरवतं की अमुक फड पडीक ठेवायचा. तो पडीक राहिला की सगळ्यांचाच थोडा थोडा पडीक. एकजण हिरवा आणि शेजारी वाळलेला, असं होतच नाही. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, वर देखरेखीला हवालदार. पाटकऱ्याने पाळी दिल्याशिवाय मालकानेही बारं, म्हणजे पाटातून शेतात पाणी घ्यायचं तोंड, फोडायचं नाही.

आमचे आजोबा पाटकरी होते. रात्री कंदील घेऊन जायचे आणि चिखलात पायाच्या बोटांनी पाण्याची धार किती आहे ते चाचपायचे. मी त्यांच्या मागे चाललोय, म्हणून सांगतो. तुमच्या कथेत पाणी मोजणारा पहारेकरी शहराचा आहे. पाटकरी आमचा आहे, आम्ही नेमलेला, आमच्या धान्यावर जगणारा. एवढाच फरक, आणि गाव त्यानेच तगतं किंवा मरतं.

केळीची बाग
'फड' म्हटलं की रावेरात तमाशा नाहीतर ऊस. वाचक भलतीकडे जाईल. माणसांचा शब्द हवाय आणि तुम्ही जमिनीचा देताय.

पांझरावाला
तमाशाच्या फडातही वीस माणसं एका चुलीवर जेवतात, भाऊ. तोही माणसांचाच.

केळीची बाग
मला एक जुनी सल आहे, ती इथेच काढतो. रक्ताच्या नात्यासाठी मराठीत सरळ शब्द होता, 'भाऊबंदकी'. भाऊ आणि बंधू. त्याचा अर्थ आज काय, तर बांधावरून कोर्टात जाणं. 'साटंलोटं' म्हणजे खरं तर देणं-घेणं, तेही नासलं. 'सहकारा'चं तर वर आलंच आहे. एकमेकांना धरून राहण्याचे शब्द आपण एकेक करून का नासवले?

अहिराणी आई
नासले ते कागदावरचे. घरातले शाबूत आहेत. माझी आई म्हणायची, "माणूस माणूसले धरीसन जगस." यात नाम नाहीच, 'धरीसन' आहे, धरून. तापीकाठ, मूळात नाम आहे म्हणून तुम्हालाही नामच का हवं? म्हातारीला बोलू द्या : 'एकमेकांना धरून होतो, म्हणून आहोत.'

मराठी मास्तर
वाक्य सुरेख आहे. पण कथा परदेशी शहरातली. तिथली म्हातारी अहिराणी वळणाने बोलली तर खोटं वाटेल. बोलीला मान द्यायचा म्हणजे ती कुठेही पेरायची, असं नाही.

अहिराणी आई
ती म्हातारी पुणेरी बोलली तर खरं वाटतं का, मास्तर? तीही तिथली नाही.

केळीची बाग
आणि खानदेश म्हणजे फक्त अहिराणी नाही. यावल-रावेरची लेवा गणबोली वेगळी आहे, हे प्रत्येक वेळी सांगावं लागतं.

कृष्णाकाठची लेक
'तगलो'बद्दल कोणीच बोललं नाही. तगणं एकट्या रोपाचंही असतं. 'निभाव' बघा ना. 'तुझ्यावाचून माझा निभाव लागायचा नाही.' जगणं आणि दुसरा माणूस दोन्ही त्यात आले. निर्वाह, निभणं, निभाव, एकच कूळ. 'एकमेकांवरच आपला निभाव लागला.'

तापीकाठ
हे वहीत लिहून घेतलं. 'धरून'ही घेतलंय. दोन्ही आत्याला वाचून दाखवेन. पण त्या नामाची जागा अजून रिकामीच आहे. पुढे संपादक विचारतील.

जुना ठेवीदार
काडेपेटी वाचल्यापासून एक आठवण जात नाही. १९७२ साली मी सात वर्षांचा. आई खडी फोडायला जायची, तिथली सुकडी फडक्यात बांधून आणायची. पहाटे मला शेजारी पाठवायची विस्तव आणायला, कारण काडी जपायची. मी खापराच्या तुकड्यावर राख पसरून वर गोवरीचा निखारा ठेवायचो आणि वारा लागू नये म्हणून अंगाने आडोसा करत, तिरका तिरका चालत यायचो. एखाद्या दिवशी त्यांची चूल विझलेली असली की त्यांची पोरगी आमच्याकडे यायची. दोन्ही घरांत वर्षभर बोलणं नव्हतं, भांडण होतं. विस्तव मात्र बंद झाला नाही.

अहिराणी आई
विस्तव उसना मागायचे का हो तुमच्याकडे? आमच्याकडे पीठ उसनं, मीठ उसनं. विस्तवाला 'उसना' कधी ऐकलं नाही.

जुना ठेवीदार
नाही. उसना नव्हेच. देणाऱ्याचा कमी होत नाही, मग परत काय करणार? नुसतं "विस्तू द्या" म्हणायचं.

पांझरावाला
आमच्याकडे सांजेनंतर विस्तव देत नसत. कितीही भलं घर असो. तुमच्याकडे होतं का असं?

केळीची बाग
होतं. दिवेलागणीनंतर मीठही नाही. आणि त्या खापराच्या तुकड्याला तुम्ही काय म्हणता? आजी 'खापरी' म्हणायची, मामी काहीतरी वेगळंच म्हणते, उद्या फोन करून विचारतो.