विकास शुल्क भरलं, रस्ता नाही. हा पैसा कुठल्या खात्यात जातो? मदत हवी आहे

मंडळी, नगररचनेतलं किंवा पालिकेच्या हिशेबातलं कळणारं कोणी असेल तर कृपया वाचा.

आमचं गाव जळगाव जिल्ह्यातलं, नगरपालिकेचं. हायवेच्या अंगाला कपाशीची वावरं एनए (बिगरशेती) होऊन कॉलन्या पडल्या, त्यातलीच आमची, ऐंशी घरांची. काळी जमीन कशी असते ते तुम्हाला माहीतच आहे. मुरूम टाकला की पहिल्या पावसात मुरूम खाली आणि चिखल वर. शाळेची रिक्षा आत येत नाही. पोरं बूट हातात घेऊन अनवाणी डांबरीपर्यंत जातात. आमचं घर कोपऱ्यावर, म्हणून पाय धुवायला बादली मी बाहेरच भरून ठेवते. पाण्याची लाइन तर चौकातच थांबलीय.

परवा बांधकाम परवानगीची फाइल काढली, तर विकास शुल्काची पावती सापडली. १५० चौरस मीटरचा प्लॉट, १०० चौरस मीटर बांधकाम, रेडीरेकनर (जमिनीचा सरकारी दर) चौरस मीटरला ४,००० रुपये. जमिनीवर अर्धा टक्का म्हणजे ३,०००. बांधकामावर २ टक्के, तेही जमिनीच्याच दराने, म्हणजे ८,०००. एकूण ११,०००. ऐंशी घरांचे याच हिशेबाने ८ लाख ८० हजार होतात.

पालिकेत विचारलं तर म्हणाले, "ताई, ते जनरल फंडात, म्हणजे पालिकेच्या सर्वसाधारण खात्यात जमा होतं. निधी आला की रस्ता बघू." हे पैसे वेगळे ठेवायचा नियम आहे का? आणि दर कोण ठरवतं? दर वाढवायला माझी ना नाही. नवीन घर आलं की गावावर भार येतो, तो त्या घराने उचलावा. पण पाइप दारापर्यंत यायला हवा ना!

उत्तर १

ताई, मी धुळ्याचा, नगररचनेत नोकरी झाली. नियम आहे. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात १९९२ साली प्रकरण सहा-अ घातलं, विकास शुल्क तिथलंच. ते स्वतंत्र विकास निधीत ठेवून सार्वजनिक सुविधांवर खर्चायचं असतं. मात्र अमुक कॉलनीचे पैसे त्याच कॉलनीत, असं त्यात नाही.

टक्केवारी कायद्यातच आहे, पालिकेच्या ठरावाने ती बदलत नाही. रेडीरेकनर वाढला की शुल्क आपोआप वाढतं. १ एप्रिल २०२५ पासून तो राज्यात सरासरी ३.८९ टक्के वाढला, त्याआधी दोन वर्षं तसाच होता. खरी गोम इथेच आहे. रेडीरेकनर जमिनीची किंमत सांगतो. पाइप, खडी, डांबराची नाही. पुण्यात प्लॉट महाग म्हणून तिथे शुल्क जास्त. आपल्याकडे प्लॉट स्वस्त, पण पाइप काही स्वस्त मिळत नाही. वर काळ्या मातीत रस्त्याचा पाया खोल खणावा लागतो, तो खर्च आणखी.

कॅलिफोर्नियात उलटी रीत आहे. नव्या घरांमुळे कोणत्या कामाचा किती भार येतो, याचा आधी अभ्यास, मग शुल्क. पैसा वेगळ्या खात्यात. २०२२ पासून तो अभ्यास दर आठ वर्षांनी नव्याने करायचा कायदाच आहे. आपल्याकडे निदान पालिकेने एक किलोमीटर रस्त्याचा आणि पाइपलाइनचा खर्च काढून जमा शुल्काशेजारी मांडावा, एवढं तर मागता येईल.

तुम्ही दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज करा. पाच वर्षांत विकास शुल्क किती जमा झालं, कोणत्या खात्यात, खर्च कोणत्या कामावर, एवढंच विचारा. आणि तुमच्या ले-आउटच्या मंजुरीचं पत्र मिळवा. आतले रस्ते आणि गटारी प्लॉट पाडणाऱ्यानेच स्वखर्चाने करायच्या, अशी अट बहुधा त्यात असेल.

धागाकर्ती

दादा, फार आभार. पत्र शेजाऱ्यांच्या खरेदीखताला जोडलेलं निघालं. अट आहे! रस्त्यांचं खडीकरण, गटारी, दिव्यांचे खांब, सगळं त्यानेच करायचं होतं. खांब तेवढे उभे आहेत. मग अंतिम मंजुरी देताना पाहणी कोणी केली, तो अहवालही त्याच अर्जात मागू, की वेगळा अर्ज करू?