पहिले तीन महिने : तुम्ही कसे काढलेत?

मला सध्या गरोदरपणाचा सतरावा आठवडा चालू आहे. परवा घरात कांदा फोडणीला पडला आणि मी तिथेच उभी राहिले, नाकाला ओढणी न लावता. दहा आठवड्यांत पहिल्यांदाच. तेव्हाच ठरवलं, हा धागा काढायचा.

सहाव्या आठवड्यात मळमळ सुरू झाली. कुकरची शिटी, तूरडाळीचा वास, फ्रिजचं दार, टूथपेस्ट, कशानेही उमासे यायचे. आणि घरून बजावलेलं, तिसरा महिना सरेपर्यंत बाहेर बोलायचं नाही. ऑफिसात मी दीड महिना "ॲसिडिटी आहे" एवढंच सांगत राहिले. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं, ओटी भरतात, फुलांची वाडी घालतात, ताटात पाच पक्वान्नं असतात. तोवर बहुतेक जणी नीट जेवू लागलेल्या असतात. ज्या दिवसांत घोटभर पाणी टिकत नाही, त्या दिवसांत मात्र कुणाला कळूही द्यायचं नाही. हे मला फार लागलं. दहांतल्या सात जणींना हा त्रास होतो, तरी मला वाटत होतं की मीच एकटी आहे.

मला उपयोगी पडलं ते असं. उशाशी साळीच्या लाह्यांचा डबा ठेवला. डोळे उघडले की पडल्या पडल्याच मूठभर खायच्या आणि पंधरा-वीस मिनिटांनी हळू उठायचं. पोट पूर्ण रिकामं झालं की उलटी ठरलेलीच, म्हणून दर दोन तासांनी दोन घास. जेवताना पाणी नाही, मध्ये घोट घोट. गरम अन्नाचा वास जास्त येतो, त्यामुळे थंड दहीभातावर मी कित्येक दुपारी काढल्या. आले कुणाला मानवतं, मला त्याने जळजळ व्हायची. आवळासुपारी मात्र सतत तोंडात.

तुमचं लिहा. दोनच विनंत्या आहेत. उलट्यांवरून मुलगा की मुलगी ते ओळखण्याच्या गोष्टी इथे नकोत. आणि औषधांबद्दल जरूर लिहा, पण किती घ्यायचं ते ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांना विचारावं.

*

विरार-चर्चगेट. आठवा ते तेरावा आठवडा. पर्समध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि लिंबाची साल. दोनदा भाईंदरला आणि एकदा बोरिवलीला उतरून फलाटावरच्या नळाशी उलटी केली, मागची गाडी पकडली, लेटमार्क घेतला. आमच्या डब्यातल्या एक बाई, ज्यांच्याशी माझं चार वर्षांत फारतर चार वाक्यं बोलणं झालं असेल, त्यांनी एका सकाळी हात धरून मला वाऱ्याच्या खिडकीत बसवलं आणि हळूच विचारलं, "कितवा चालू आहे?" मला रडूच फुटलं. दुसऱ्या दिवसापासून ती जागा माझी. त्या दादरपर्यंत उभ्या राहायच्या. मी आईला सांगण्याआधी लेडीज डब्याला कळलं होतं.

*

मी फार्मासिस्ट आहे. काउंटरवर रोज एक तरी जण विचारते, "गोळी घेतली तर बाळाला काही होणार नाही ना?" आणि चिठ्ठी परत पिशवीत घालून निघून जाते. डॉक्टर पहिल्यांदा बहुतेक जी गोळी देतात, तिच्यात डॉक्सिलअमाईन आणि बी-६ जीवनसत्त्व असतं. ही जोडी फार जुनी. अमेरिकेत खटल्यांमुळे कंपनीने १९८३ मध्ये ती बाजारातून काढून घेतली. त्यानंतरच्या अभ्यासांत जन्मदोष वाढल्याचं दिसलं नाही, आणि २०१३ मध्ये तिथे तिला पुन्हा मान्यता मिळाली. मधली तीस वर्षं तिथल्या बायकांनी या गोळीशिवाय सोसली. हिने झोप येते, म्हणून सहसा रात्री देतात. चिठ्ठीवर लिहिलेली असेल तर भिऊन टाळू नका.

*

कोल्हापूर. माझं वेगळं झालं, त्यामुळे सविस्तर लिहिते.

नवव्या आठवड्यात माझं वजन ५२ वरून साडेसत्तेचाळीस किलोवर आलं. दिवसाला पंधरा-सोळा उलट्या, शेवटी नुसतं पिवळं पित्त. थुंकी गिळली तरी ढवळून यायचं. घरातली मोठी माणसं वाईट नव्हती, पण सगळ्यांचं म्हणणं एकच : "आम्हालाही झालंय हे, आम्ही नाही असं अंथरूण धरलं. मन घट्ट कर." मी मन घट्ट करायचा खरंच प्रयत्न केला. एके दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत लघवीच झाली नाही, आणि झाली ती गडद तपकिरी. नणंदेने ते ऐकलं आणि कुणाला न विचारता रिक्षा बोलावली. ती नसती तर मी आणखी दोन दिवस मन घट्ट करत बसले असते.

लघवीत कीटोन सापडले, म्हणजे अन्न नसल्याने शरीर चरबी जाळू लागलं होतं. चार दिवस सलाईन. ग्लुकोज लावण्याआधी त्यांनी बी-१ जीवनसत्त्व दिलं. का, म्हणून विचारल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या की इतके दिवस उपाशी राहिलेल्या बाईला ते आधी न देता ग्लुकोज दिलं तर मेंदूला इजा होऊ शकते. याला हायपरएमेसिस म्हणतात, हा शब्द मी तिथे पहिल्यांदा ऐकला. गरोदरपणाआधीच्या वजनाच्या पाच टक्क्यांहून जास्त घट झाली असेल, तर ते नेहमीचे डोहाळे समजून घरी बसू नये. माझी घट जवळजवळ नऊ टक्के होती.

पुढे बाळ झाल्यावर मी याबद्दल शोधून शोधून वाचलं. डिसेंबर २०२३ मध्ये नेचरमध्ये संशोधन आलं आहे. गर्भाकडून आणि वारेतून जीडीएफ-१५ नावाचं संप्रेरक आईच्या रक्तात येतं आणि ते मेंदूतल्या मळमळीच्या जागेवर काम करतं. जिच्या शरीरात ते आधीपासून कमी असतं, तिला ती अचानक वाढ जास्त बाधते. त्या संशोधकांपैकी मार्लिना फेझो यांना स्वतःला हाच आजार झाला होता आणि १९९९ मध्ये त्यांनी त्यात बाळ गमावलं. वाचून मी सासूबाईंना मराठीत समजावून सांगितलं. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मनाचं नव्हतंच."

मुलगी आता दीड वर्षाची आहे, गुटगुटीत.

*

टोकियो. इथे वॉर्ड ऑफिसात गरोदरपणाची नोंद केली की आई-बाळाची वही मिळते आणि सोबत पर्सला अडकवायचा एक बिल्ला. पोट दिसत नसतं तेव्हाच त्याची खरी गरज असते, हे इथल्या लोकांना ठाऊक आहे. बिल्ला पाहून एक शाळकरी मुलगा उठला होता. पहिल्या दिवशी लावताना मात्र माझाच हात अडखळला, कारण गावी अजून कुणाला सांगितलेलं नव्हतं. खाण्याचं म्हणाल तर भाताच्या वाफेने ढवळायचं, पण तोच भात गार करून वर लिंबाचं लोणचं घेतलं की चालायचा.

*

नवऱ्याने लिहिलं तर चालेल ना? बायकोला फोडणीचा वास सहन होत नव्हता, म्हणून इंडक्शन शेगडी बाल्कनीत नेली. आठवा ते चौदावा आठवडा सगळा स्वयंपाक तिथे, तोही ती ऑफिसला गेल्यावर. माझा साबण, तेल, दाढीचं लोशन बंद केलं. एका वहीत लिहीत गेलो : काय खाल्लं, किती वाजता, टिकलं की नाही. दहा दिवसांनी लक्षात आलं की सकाळी अकरा ते एक या वेळात तिला बरं असतं. मग दिवसाचं मुख्य जेवण त्या वेळेला. ती वही डॉक्टरांनाही उपयोगी पडली.

*

मी आशा कार्यकर्ती आहे, बीड जिल्ह्यातली. तुम्ही लिहिता ते सगळं खरं, पण आमच्याकडच्या बायांचं थोडं वेगळं. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला गाव रिकामं होतं. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल आधीच घेतलेली. दिवस गेलेत म्हणून एक दिवस फडात नाही गेली तर खाडा पडतो, पैसे कापतात. तवा ती दृष्ट लागंल म्हणून नाही लपवत, मजुरी जाईल म्हणून लपवते. उलटी करून तशीच मोळी डोक्यावर घेते.

मी काय करते, तर निघायच्या आधी घरोघरी जाते आणि सरळ विचारते, पाळी कधी आली होती? चुकली असंल तर तिथंच तपासणी, नोंद बारा आठवड्यांच्या आत. फोलिक ॲसिडच्या गोळ्या देते. लोहाची लाल गोळी तीन महिन्यांनंतर, आधी दिली तर मळमळ वाढते आणि बाया सगळंच सोडून देतात. ओआरएसच्या पुड्या देते, एका लिटरला एक. आणि माता-बाल संरक्षण कार्ड पिशवीत टाकायला लावते, म्हणजे कारखान्याच्या भागातल्या दवाखान्यात गेली तर पहिल्यापासून सांगत बसावं लागत नाही. एवढं करूनही फडात कोण तिच्याकडं बघणार, हे मला रात्री झोपू देत नाही.

*

दहाव्या आठवड्यात माझं बाळ गेलं. कुणाला सांगितलंच नव्हतं, त्यामुळे गेल्याचं तरी कुणाला सांगणार? तिसऱ्या दिवशी कामावर गेले. गर्भपातानंतर सहा आठवडे पगारी रजा मिळण्याची तरतूद कायद्यात आहे, हे मला वर्षभराने कळलं. "तीन महिने सांगू नये" यामागचं कारण लोक हेच देतात : काही झालं तर बोभाटा नको. मला बोभाटा चालला असता. कुणीतरी येऊन जवळ बसलं असतं.

मळमळ एकाएकी थांबली म्हणजे वाईटच, असं मात्र धरू नका, पुष्कळ जणींची तशीच थांबते. रक्त दिसलं किंवा पोटात कळा आल्या तर लगेच जा.

*

माझं वय बाहत्तर. नात वाचून दाखवते आहे आणि तीच लिहिते आहे. आम्ही राजापूरकडच्या. पहिल्या खेपेला जाऊबाई पहाटे उकड्या तांदळाची पेज आणि चिमूटभर मीठ घेऊन खाटेशी यायच्या, मी उठायच्या आत. दुपारी कोकमाचं सार. आम्हालाही सांगू नको म्हणायचे, पण घरातल्या घरात सगळ्या बायकांना ठाऊक असायचं आणि मला कुणी चुलीशी बसू देत नसे.

*

सातवा आठवडा, हिंजवडी. रात्रीचे दोन वाजलेत, उलटी करून बसले आहे आणि सगळं वाचून काढलं. इथे आम्ही दोघंच. साळीच्या लाह्या कुठे मिळतील? किराणावाल्याकडे फक्त मुरमुरे आहेत.

*

पूजेचं सामान विकणाऱ्याकडे विचारा, लक्ष्मीपूजनाला लागतात त्याच. मी डांगे चौकातून रोज येते-जाते. उद्या संध्याकाळी अर्धा किलो घेऊन ठेवते, निरोप करा.