तालुक्याच्या गावात फटाक्यांचे स्टॉल: परवाना, मैदानाची आखणी आणि माळांचं काय?

सीनाकाठ:
नमस्कार मंडळी. सोलापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे. आजवर दिवाळीत पेठेतच दुकानापुढे टेबलं टाकून फटाके विकले जायचे. यंदा नगरपरिषदेने बजावलंय की सगळ्यांनी शाळेच्या मैदानात जायचं, पेठेत एकही टेबल दिसता कामा नये. आम्ही 22 जण आहोत. मैदान पूर्व-पश्चिम 100 मीटर, उत्तर-दक्षिण 80 मीटर. पूर्वेला शाळेची इमारत, उत्तरेला घरं, दक्षिणेला आणि पश्चिमेला शेतं. मांडववाला म्हणतो, नेहमीसारखा बांबू-कापडाचा मांडव घालतो, समोरासमोर दोन ओळी, मधून गिऱ्हाईक फिरेल.

विचारायचं ते असं. परवाना नक्की कोण देतं? एका स्टॉलला माल किती ठेवता येतो? मांडववाल्याची आखणी चालेल का? आणि माळा विकायच्या की नाही? दुकानदार चार तोंडांनी चार गोष्टी सांगतात.

कलमबहाद्दर:
मांडववाल्याला आगाऊ रक्कम दिली नसेल तर देऊ नका. त्याची आखणी दोन ठिकाणी नियमाबाहेर आहे.

आधी परवाना. स्फोटक नियम 2008 प्रमाणे आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त आणि इतरत्र जिल्हाधिकारी हे परवाना देणारे अधिकारी. म्हणजे सोलापूर शहरातल्या माणसाने आयुक्तालयात जायचं, तुम्ही जिल्हाधिकारी कार्यालयात. नगरपरिषद फक्त जागा देते, तिची पावती म्हणजे परवाना नव्हे. निम्मे लोक इथेच फसतात. अर्ज एई-5 नमुन्यात, परवाना एलई-5 नमुन्यात. सोबत ओळखपत्र, फोटो, जागामालकाचं संमतीपत्र (तुमच्या बाबतीत नगरपरिषद किंवा शाळा, मैदान ज्याच्या नावावर असेल तो), अग्निशमनचा ना हरकत दाखला, चलन आणि मोजमापांसह नकाशा लागतो. पोलिसांचा अभिप्राय मागवतात, त्यात दिवस जातात. दसऱ्यानंतर अर्ज केला तर परवाना वसुबारसेलाही हाती पडेल याची खात्री नाही. 22 जणांनी 22 वेगळे नकाशे जोडू नका. मैदानाचा एकच नकाशा काढा, शेडना क्रमांक द्या आणि प्रत्येकाने आपला क्रमांक त्यावर ठळक करून जोडा. जागा बघायला येणाऱ्याचं काम सोपं झालं की शेरा लवकर पडतो.

मालाची मर्यादा या परवान्यावर 100 किलो फटाके आणि त्याशिवाय 500 किलोपर्यंत फुलबाज्या व चायनीज क्रॅकर. यातला चायनीज क्रॅकर म्हणजे कागदी गुंडाळीचा लवंगीसारखा बारका फटाका, चीनमधून आलेला माल नव्हे. परदेशी फटाके ठेवणं हा वेगळाच गुन्हा होईल.

आता आखणी. तात्पुरत्या दुकानांचा नियम 84 मोजून पाळावा लागतो. शेड न पेटणाऱ्या साहित्याची, बंद करता येणारी. दोन शेडमध्ये किमान 3 मीटर. संरक्षित वास्तूपासून किमान 50 मीटर. घर, शाळा, दवाखाना, देऊळ, जिथे माणसं राहतात, काम करतात किंवा जमतात त्या सगळ्या यात येतात. शेडची तोंडं एकमेकांसमोर नकोत. एका समूहात 50 पेक्षा जास्त दुकानं नकोत. बांबू-कापड पहिल्याच अटीत बाद आणि समोरासमोरच्या ओळीही बाद.

तुमच्या मैदानावर मांडून बघू. पूर्वेकडचे 50 मीटर शाळेमुळे गेले, उत्तरेकडचे 50 घरांमुळे. उरला नैऋत्येचा 50 बाय 30 मीटरचा तुकडा. शेड 3 बाय 3 ची धरली तर पूर्व-पश्चिम ओळीत 8 शेड आणि मधली 7 अंतरं मिळून 24 + 21 = 45 मीटर. बसतात. पाठीला पाठ लावून दोन ओळी केल्या (मध्ये 3 मीटर मोकळे) तर 16 शेड होतात, पण तुम्ही 22. लोक इथे अशीच आणखी एक जोडी टाकतात आणि मग पहिल्या जोडीची एक ओळ दुसऱ्या जोडीच्या तोंडासमोर येते. त्यापेक्षा तिन्ही ओळींची तोंडं दक्षिणेला करा. प्रत्येक ओळीपुढे 6 मीटरची वाट सोडली तर 3 ओळी x 3 मीटर आणि 3 वाटा x 6 मीटर, एकूण 27 मीटर. 30 मध्ये बसतं, 24 शेड होतात, अग्निशमनचा बंब प्रत्येक वाटेत शिरू शकतो. उरलेल्या दोन शेडच्या जागा रिकाम्याच सोडा, तिथे पाणी ठेवा.

50 मीटर इमारतीपासून मोजा, आणि नकाशावर इमारत आणि कंपाउंड दोन्हींपासूनचे आकडे लिहा, म्हणजे जागेवर वाद होत नाही. मैदानावरून उच्चदाबाची तार जात असेल तर तीही नकाशात दाखवा. तिच्याखाली शेड नकोच.

आणि हे तुमचं नशीब की दोन बाजूंना शेतं आहेत. चारही बाजूंनी घरं असती तर 100 बाय 80 च्या मैदानात नियमाने एकही शेड बसली नसती.

तारतंत्री:
वर आखणी झाली, मी विजेचं आणि आगीचं सांगतो. स्टॉलला आग लागते ती बहुतेक वेळा फटाक्यामुळे नाही, वायरमुळे, विडीमुळे नाहीतर उडून आलेल्या बाणामुळे.

महावितरणची तात्पुरती जोडणी रीतसर घ्या, शेजारच्या घरातून वायर ओढू नका. नियमात स्पष्ट आहे की दिवे भिंतीला किंवा छताला पक्के हवेत, वायरवर लोंबते नकोत. बटणंही भिंतीला पक्की आणि शेडच्या प्रत्येक ओळीला एक मुख्य स्विच. तुमच्या तीन ओळी, म्हणजे तीन मुख्य स्विच, ओळीच्या टोकाला, पटकन हात पोचेल असे. त्यातच 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळायला लागली की आपोआप तोडणारा स्विच) बसवा, पत्र्याच्या शेडला अर्थिंग द्या. पत्र्याच्या कडेवरून वायर नेली की तीन दिवसांत वाऱ्याने घासून आवरण जातं आणि सगळ्या शेडमध्ये वीज उतरते. वायर पीव्हीसी पाइपातूनच न्या. हॅलोजन नकोतच. त्याची काच इतकी तापते की टेकलेला पुठ्ठा धुमसायला लागतो. एलईडी ट्यूब पुरे. टेबलाखाली लोळणारा एक्स्टेंशन बोर्ड आणि त्यावर मोबाइलचे चार चार्जर हे चित्र प्रत्येक मैदानात दिसतं. ते आधी उचला.

शेडच्या मधल्या 3 मीटरची खरी अडचण अशी की ते कोणी रिकामे ठेवत नाही. ऊन लागतं म्हणून दोन शेडवर मिळून ताडपत्री टाकतात, मागे रिकामे खोके रचतात. झालं, आगीला पूल मिळाला. खोके रोज संध्याकाळी मैदानाबाहेर गेले पाहिजेत.

आग विझवण्याबद्दल गैरसमज फार आहे. फटाक्याच्या दारूत जळायला लागणारा ऑक्सिजन तिच्यातच असतो, पोटॅशियम नायट्रेटसारख्या क्षारात. बाहेरची हवा तोडून ती विझत नाही. म्हणून कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर पेटलेल्या पेटीपुढे कुचकामी. एबीसी पावडरचा 6 किलोचा सिलिंडर जरूर ठेवा, पण तो वायर, कागद, कापड पेटल्या क्षणी, माल पेटायच्या आत वापरायला. माल पेटला की उपाय एकच, लांबून भरपूर पाणी, तेही शेजारच्या शेड गार ठेवायला. पेटलेली शेड वाचवायला जाऊ नका, माणसं बाहेर काढा. माझ्या मते प्रत्येक शेडला 200 लिटरचं एक पिंप, दोन बादल्या, दोन घमेली वाळू आणि मैदानात भरलेला एक टँकर हे कमीत कमी.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी स्टॉलमध्येच पूजा मांडतात, निरांजन आणि उदबत्ती लावतात. शेडमध्ये आणि सुरक्षित अंतराच्या आत उघडी ज्योत चालत नाही, देवापुढचीसुद्धा. पूजा घरी करून या.

पेठकर:
सगळं खरं, पण पेठेत वर्षानुवर्षं टेबलावर माल विकला, काही झालं नाही. आता पत्र्याची शेड, आरसीसीबी, टँकर... दहा दिवसांच्या धंद्यात खर्च तरी निघेल का?

कलमबहाद्दर:
पेठकर, औरंगाबादला 29 ऑक्टोबर 2016 ला जिल्हा परिषदेच्या मैदानावरचा फटाका बाजार पेटला, शंभरहून जास्त दुकानं गेली, गाड्याही जळाल्या. एका समूहात 50 ही मर्यादा नियमात का आहे ते तिथे दिसलं. पेठेत तर 50 मीटर सोडा, 5 मीटरही मिळत नाहीत, वर माणसं राहतात. विनापरवाना साठा किंवा विक्रीला स्फोटक कायद्यात 2 वर्षांपर्यंत कैद आहे. खर्चाचं म्हणाल तर टँकर, मुख्य स्विच आणि राखणदार 22 जणांत वाटून घ्या. पत्रे भाड्याने मिळतात.

पेटीपारखी:
माळांचा प्रश्न राहिलाच. सर्वोच्च न्यायालयाच्या 23 ऑक्टोबर 2018 च्या आदेशाने जोडलेल्या फटाक्यांचं, म्हणजे माळांचं उत्पादन, विक्री आणि वापर तिन्ही बंद आहेत. सप्टेंबर 2023 मध्ये उत्पादकांनी पुन्हा परवानगी मागितली तीही नाकारली गेली. ते बंधन देशभर आहे, दिल्लीपुरतं नाही. घाऊकवाला बिलावर वेगळं नाव टाकून माळ देतो म्हणाला तरी घेऊ नका. आदेशात पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यावर व्यक्तिशः जबाबदारी टाकली आहे, त्यामुळे तो तुमच्यासाठी डोळेझाक करणार नाही.

"पेटीवर 125 डेसिबल लिहिलंय, म्हणजे चालतं" हेही अर्धवट. 1999 पासूनची मर्यादा फुटण्याच्या जागेपासून 4 मीटरवर 125 डेसिबल (एआय) किंवा 145 डेसिबल (सी) पीक (एआय आणि सी या आवाज मोजण्याच्या दोन पद्धती), आणि ती एकेका फटाक्याला. माळेला ती 5 लॉग एन एवढ्या डेसिबलने कमी होते, लॉग 10 च्या पायाचा आणि एन म्हणजे माळेतल्या फटाक्यांची संख्या. हजारी माळेतल्या प्रत्येक फटाक्याला 110 च उरतात. आता माळच बंद, त्यामुळे हिशेब फक्त जुना माल कोणी गळ्यात मारू नये म्हणून सांगितला.

बेरियमचे क्षारही त्याच आदेशाने बंद. हिरवा रंग बेरियमचा, आणि फुलबाजी, भुईचक्र, भुईनळ्यात बेरियम नायट्रेट भरपूर वापरलं जायचं. पेटीवर रसायनांची यादी असते ती वाचा. यादीच नसेल, उत्पादकाचं नाव-पत्ता नसेल, तर पेटी परत. हरित फटाक्यावर नागपूरच्या नीरी या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेचा लोगो आणि क्यूआर कोड असतो, पण लोगो कोणीही छापतो, म्हणून कोड नीरीच्या अ‍ॅपवर स्कॅन करून बघा. साध्या कॅमेऱ्याने काहीतरी उघडलं एवढ्यावर भागवू नका. हरित म्हणजे धूरच नाही असं गिऱ्हाइकाला सांगू नका, धुळीचे कण निदान 30 टक्के कमी एवढाच त्याचा अर्थ.

सगळ्यात धोक्याचा माल म्हणजे बिनशिक्क्याचे स्वस्त गावठी बॉम्ब. त्यात क्लोरेट आणि गंधक एकत्र असण्याची शक्यता असते. 1992 पासून ते मिश्रण बंद आहे, कारण नुसत्या घासण्याने किंवा आपटण्याने पेटतं. पेटी टेंपोतून खाली टाकली तरी पुरतं.

एसटीने किंवा रेल्वेने पेट्या आणू नका. बिलावर 18 टक्के जीएसटी आणि घाऊकवाल्याचा परवाना क्रमांक दिसला पाहिजे; तपासणीला तेच पहिलं मागतात.

सीनाकाठ:
फार उपयोग झाला. मांडववाल्याला नाही म्हणून कळवलं. दोनच शंका. गिऱ्हाईक "एक वाजवून दाखवा" म्हणतं तेव्हा काय करायचं? आणि रात्री 10 ला विक्री बंद करायची का? आणि हो, उरलेल्या मालाचं काय करायचं? तीन झाल्या, असू द्या.

कलमबहाद्दर:
वाजवून दाखवायचं नाही. कुठल्याही शेडपासून 50 मीटरच्या आत फटाके उडवायला मनाई आहे, तुमच्या मैदानात 50 मीटर सोडून जागा मिळाली तरी ती शाळेजवळ किंवा घरांजवळ येणार. प्रवेशाशीच पाटी लावा आणि मुलं आत शिरताना हातातल्या पेटत्या फुलबाज्या बाहेर ठेवायला एक माणूस उभा करा. स्टॉलवर कामाला 18 वर्षांखालचं पोर नको, घरचं असलं तरी.

वेळेची अट वाजवण्याला आहे. 2018 च्या आदेशाने दिवाळीत रात्री 8 ते 10. रात्री 10 ते सकाळी 6 आवाजाचे फटाके एरवीही बंद, आणि दवाखाना, शाळा, न्यायालयाभोवतीच्या शांतता क्षेत्रात दिवसाही. विक्रीची वेळ परवान्यावर किंवा जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशात असते, ती पाळा. आदेश दरवर्षी नवा निघतो, मागच्या वर्षीचा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा कागद धरू नका.

पेटीपारखी:
उरलेल्या मालाबद्दल. परवान्याची मुदत संपली की स्टॉलमधला माल विनापरवाना साठा होतो. माळ्यावर, पलंगाखाली, तुळशीच्या लग्नाला विकू म्हणून ठेवलेला तर नक्कीच. खरेदीच्या वेळीच परवानाधारक घाऊकवाल्याशी ठरवा: न फोडलेली पेटी किती टक्के कापून परत घेणार, कोणत्या तारखेपर्यंत, आणि ते बिलावर लिहून घ्या. फोडलेली पेटी कोणी परत घेत नाही, म्हणून एका वाणाची दुसरी पेटी पहिली संपल्यावरच फोडा. भिजलेला माल उन्हात किंवा चुलीजवळ वाळवायचा प्रयत्न नको. तो पाण्याच्या पिंपात पूर्ण बुडवून ठेवा आणि विल्हेवाट कशी लावायची ते अग्निशमनला विचारून ठरवा.